विश्लेषण : ‘सीआरपी’, ‘ईएसआर’ वाढले म्हणजे नेमके काय?

सांधेदुखी, बारीक ताप, न जाणारा थकवा अशा तक्रारींसाठी ‘सीआरपी’ आणि ‘ईएसआर’ या रक्तचाचण्या नेहमी सांगितल्या जातात. आता अहवाल मोबाइलवर येतो आणि ठळक अक्षरांतील आकडा पाहून रुग्ण धास्तावतात. दीर्घकालीन आजारात मात्र या आकड्यांचा अर्थ सरळसोट नसतो.

या चाचण्या काय मोजतात?

दोन्ही चाचण्या शरीरातील दाह दाखवतात. दाह कुठे आणि कशामुळे, हे सांगत नाहीत. ‘सीआरपी’ हे यकृतात तयार होणारे प्रथिन १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत प्रथम आढळले. दाह सुरू झाल्यावर ते काही तासांत वाढते, साधारण दोन दिवसांत उच्चांक गाठते आणि दाह शमल्यावर झपाट्याने उतरते. ‘ईएसआर’मध्ये तांबड्या पेशी तासाभरात नळीत किती मिलिमीटर खाली बसतात, हे पाहिले जाते. हा आकडा सावकाश वाढतो आणि खाली यायला अनेक आठवडे घेतो. त्यामुळे एक वाढलेला आणि दुसरा सामान्य, असे होऊ शकते.

आजार नसतानाही आकडा वाढतो का?

होय. वय, गर्भारपण आणि रक्तक्षय यांमुळे ‘ईएसआर’ वाढतो. ढोबळ हिशेबाने ६० वर्षांच्या पुरुषात ३० आणि स्त्रीत ३५ पर्यंतचा आकडा चालतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. म्हणून केवळ ‘ईएसआर’ वाढला म्हणून आमवात ठरवणे चुकीचे. सोबत हिमोग्लोबिन पाहायलाच हवे. लठ्ठपणा आणि धूम्रपानामुळे ‘सीआरपी’ही किंचित वाढलेले राहू शकते.

अहवाल सामान्य, तरी त्रास का?

आमवाताच्या काही रुग्णांत सांधे सुजलेले असूनही दोन्ही आकडे सामान्य येतात. ल्युपसमध्ये आजार बळावला तरी ‘सीआरपी’ फारसे वाढत नाही. टोसिलिझुमॅबसारखे औषध तर ‘सीआरपी’ दाबूनच टाकते. अशा वेळी जंतुसंसर्गही लपू शकतो. आमवाताची तीव्रता ठरवताना म्हणूनच २८ सांध्यांची तपासणी आणि रुग्णाचे स्वतःचे म्हणणेही मोजले जाते. ‘अहवाल चांगला आहे, म्हणजे दुखत नसणार,’ हा निष्कर्ष टिकत नाही.

ग्रामीण भागात वेगळी अडचण कोणती?

नमुन्याच्या प्रवासाची. ‘ईएसआर’चा नमुना सामान्य तापमानाला साधारण चार तासांत तपासावा लागतो, उशीर झाल्यास आकडा खोटा कमी येऊ शकतो. हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावसारख्या गावात घेतलेले रक्त तपासणीसाठी दूर पाठवले जाणार असेल, तर उन्हाळ्यात हा धोका वाढतो. ‘सीआरपी’ तुलनेने टिकाऊ असते.

रुग्णांनी काय करावे?

एका आकड्यापेक्षा बदलाची दिशा महत्त्वाची. शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी आणि जुने अहवाल जपून ठेवावेत. एकक नक्की पाहावे : प्रति डेसिलिटर २ मिलिग्रॅम म्हणजेच प्रति लिटर २० मिलिग्रॅम. ताप, सर्दी किंवा जखम असल्यास डॉक्टरांना सांगावे. आणि आकडा उतरला म्हणून स्टिरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट स्वतःहून बंद करू नये. औषधामुळेच तो उतरलेला असू शकतो.