विरोधी बाकावरून दोहाला

२०२५ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस कतारची राजधानी दोहा येथे भारतीय संसदेचे एक शिष्टमंडळ उतरले. त्याच्या प्रमुख होत्या बारामतीच्या खासदार सौ. सुप्रिया सुळे. त्याआधी २२ एप्रिलला काश्मीरात पहलगाम येथे अतिरेक्यांनी २६ माणसे मारली होती. त्यांत सहा जण महाराष्ट्रातले होते. ७ मे रोजी भारताने पाकिस्तानातील तळांवर हल्ले केले आणि १० मे रोजी तोफा थांबल्या. भारताची बाजू जगाला समजावून सांगण्यासाठी सरकारने सर्व पक्षांच्या सभासदांची सात शिष्टमंडळे परदेशी धाडली. त्यांपैकी दोहोंचे पुढारी मराठी होते, दुसरे श्री. श्रीकांत शिंदे.

मॉरिशसमधील मराठी घरांत याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु या बातमीत अभिमानाहून अधिक काही आहे.

श्री. शिंदे सरकारच्या बाजूचे, पण सौ. सुळे विरोधी पक्षाच्या. त्यांच्या शिष्टमंडळात भाजपचे श्री. राजीव प्रताप रूडी व श्री. अनुराग ठाकूर होते, तसेच काँग्रेसचे श्री. आनंद शर्मा व श्री. मनीष तिवारीही होते. आता दीड वर्ष मागे जाऊ. १३ डिसेंबर २०२३ रोजी दोघांनी प्रेक्षकांच्या सज्जातून लोकसभेत उड्या मारल्या व धूर सोडला. गृहमंत्र्यांनी सभागृहात येऊन याचा खुलासा करावा, असा विरोधकांनी आग्रह धरला. फलक दाखवले, घोषणा दिल्या. १९ डिसेंबरला एका दिवसात ४९ खासदारांना निलंबित केले गेले. त्यांत सौ. सुळे होत्या आणि श्री. तिवारीही होते. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ सभासद बाहेर गेले, आणि दुसऱ्याच दिवशी लोकसभेने फौजदारी कायद्यांची तीन नवी विधेयके संमत केली.

वर्गात दंगा करणाऱ्या मुलाला बाहेर उभे करण्याचा अधिकार शिक्षकाला असतो, हे मी नाकारणार नाही. फलक नाचवणे सभागृहाच्या नियमात बसत नाही. पण वर्गाचा मोठा भाग बाहेर घालवून धडा पुरा झाला म्हणणाऱ्या मास्तरांना आपण काय म्हणतो?

सौ. सुळे यांची कारकीर्द निष्कंटक नाही, आणि ती स्वतःच्या बळावर सुरू झाली असेही कोणी म्हणणार नाही. श्री. शरद पवारांची कन्या म्हणून २००६ साली त्या राज्यसभेत गेल्या आणि २००९ साली वडिलांचाच मतदारसंघ त्यांच्याकडे आला. घराणेशाहीचा आक्षेप तेव्हापासून त्यांच्या मागे आहे व तो खोटा नाही. लवासा या डोंगरी शहराच्या प्रकल्पात एके काळी त्यांचे व त्यांच्या यजमानांचे भाग होते, त्यावरूनही पुष्कळ टीका झाली. २०२२ साली श्री. चंद्रकांत पाटलांनी त्यांना घरी जाऊन स्वयंपाक करण्याचा सल्ला दिला व मग दिलगिरी व्यक्त केली. जुलै २०२३ मध्ये चुलत बंधू श्री. अजित पवारांनी पक्ष फोडला. पुढे पक्षाचे नाव व घड्याळ हे चिन्ह त्यांच्याच गटाला मिळाले. २०२४ च्या निवडणुकीत भावजय सौ. सुनेत्रा पवार समोर उभ्या असताना, तुतारीच्या नव्या चिन्हावर सौ. सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या. वारशाने मिळालेली जागा त्या दिवशी त्यांनी कमावली, असे आमचे मत आहे.

दोहात त्या शूरा कौन्सिलच्या सभासदांना भेटल्या. कतारमध्ये राजकीय पक्षच नाहीत. शूरा कौन्सिलसाठी २०२१ साली प्रथमच निवडणूक झाली होती. नोव्हेंबर २०२४ च्या जनमत कौलाने ती पद्धतही बंद केली. अशा यजमानांपुढे, सरकारला मत न देणारी बाई सरकारने नेमलेल्या मंडळाची प्रमुख म्हणून बसली. भारताच्या लोकशाहीबद्दल याहून बोलका पुरावा कोणता राजदूत देऊ शकला असता? तिथे कामाला गेलेले भारतीय मूळ नागरिकांहून कितीतरी अधिक आहेत. आपले पूर्वजही करारानेच जहाजात चढले, पण त्यांच्या नातवंडांना मत मिळाले. कतारमधल्यांना ते नाही.

या शिष्टमंडळांना श्री. संजय राऊतांनी 'वऱ्हाड' म्हणून हिणवले. श्री. शरद पवारांना ते रुचले नाही, आणि पवारांचेच बरोबर होते. १९९४ साली नरसिंह रावांच्या सरकारने विरोधी पक्षनेते वाजपेयी यांना जिनिव्हाला भारताचे म्हणणे मांडायला पाठवले, तेव्हा दोघांपैकी कोणीही लहान झाला नाही. पण माणसे कोणती पाठवायची हे काँग्रेसला पुरते ठरवू दिले नाही, ही तक्रारही खरी. काँग्रेसने सुचवलेल्या चार नावांतले एकच घेतले.

आमचा आक्षेप वेगळा आहे. दोहाच्या दिवाणखान्यात ज्यांचा शब्द देशाचा शब्द म्हणून चालतो, त्यांना दिल्लीत प्रश्नाचे उत्तर मिळाले पाहिजे. जुलैच्या शेवटी लोकसभेत या कारवाईवर चर्चा झाली, सौ. सुळे बोलल्या, आणि विरोधी बाकावरूनच बोलल्या. हे ठीक झाले. मात्र युद्ध थांबल्यापासून चर्चेला अडीच महिने लागले.

आणि हे भारतापुरतेच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्याकडे ६२ पैकी ६० जागा एकाच आघाडीला गेल्या. आधीच्या सत्ताधाऱ्यांचे जे दोघे सभागृहात पोहोचले ते बेस्ट लूझर म्हणून. घटनेने विरोधी पक्षनेत्याचे पद ठेवले आहे, त्याला प्रायव्हेट नोटिस क्वेश्चन विचारण्याचा हक्कही आहे. तो प्रश्न टेलिव्हिजनवर लागला की आपल्या घरी आवाज वाढवतात, की मालिकेकडे वळतात?