वस्त्राची संहिता की नावाचे काव्य? : इबानांच्या ‘पुआ कुम्बु’संबंधी काही विचार

गेल्या काही दशकांत आपल्या समीक्षेत ‘संहिता’ ही संज्ञा फार सैलपणे वापरली जाऊ लागली आहे. चित्र, नृत्य, विधी, वस्त्र ही सारीच संहिता ठरतात. स्त्रियांनी विणलेले वस्त्र म्हणजे स्त्रियांनी लिहिलेला ग्रंथ होय, असे विधान चर्चासत्रांतून वारंवार कानी पडते. विधान आकर्षक आहे, यात शंका नाही. परंतु ते कितपत खरे आहे, हे एखाद्या ठोस उदाहरणावर तपासून पाहणे आवश्यक वाटते. असे उदाहरण बोर्निओ बेटावरील सारावाक (मलेशिया) येथील इबान समाजाच्या ‘पुआ कुम्बु’ या विधिवस्त्राचे आहे.

पुआ कुम्बु हे सुती वस्त्र कमरेला पट्टा अडकवून ताणलेल्या साध्या मागावर विणले जाते. विणण्यापूर्वीच ताण्याचे धागे ठिकठिकाणी गाठींनी बांधून रंगवले जातात. गाठीखालचा भाग रंगापासून सुटतो आणि त्यातून आकृती उमटते. पाटणच्या पटोळ्यात ताणा व बाणा दोन्ही असे बांधतात, पुआमध्ये केवळ ताणा. तांबडा रंग ‘एंगकुडू’च्या मुळांच्या सालीतून काढतात, आपल्याकडे ‘आल’ किंवा ‘बारतोंडी’ म्हणतात, त्याच कुळातील हे झाड. नवजात बालकाचे पहिले नदीस्नान, गावाई हा उत्सव, रुग्णासाठीचा विधी, मृतदेहाभोवतीचा आडोसा या सर्व प्रसंगी पुआ लागतो. शिरच्छेदाची प्रथा जिवंत असताना शत्रूचे मस्तक स्त्रिया याच वस्त्रावर स्वीकारीत.

या विणकामातील सर्वांत कठीण टप्पा विणण्याचा नव्हे, तर सुताला रंग धरण्यास सिद्ध करण्याचा आहे. त्यास ‘न्गार’ म्हणतात. आले, मीठ, वनस्पतींची तेले इत्यादींच्या मिश्रणात सूत भिजवून ते अनेक दिवस उन्हात व दवात ठेवावे लागते. प्रमाण चुकले तर रंग धरत नाही. हे प्रमाण जाणणारी स्त्री विणकरणींत सर्वश्रेष्ठ मानली जाई आणि या विधीला ‘कायाउ इंदु’, म्हणजे स्त्रियांची रणमोहीम, असे नाव आहे. नवी आकृती कुमांगसारख्या देवतेने स्वप्नात द्यावी लागे. अधिकार नसताना सामर्थ्यवान आकृतीला हात घालणारी स्त्री आजारी पडते, प्रसंगी मरते, अशी श्रद्धा होती. म्हणून मुलगी प्रथम साध्या आकृती विणे आणि पुढे आईच्या पुआवरून पायरीपायरीने वर चढे.

यातून वारशाचा प्रश्न उद्भवतो. इबानांच्या लांबघरात प्रत्येक कुटुंबाचे एक दालन असते. त्याला ‘बिलेक’ म्हणतात. रांजण, घंटा आणि पुआ ही त्या बिलेकची ‘पेसाका’, अर्थात पिढीजात ठेव. वस्त्र असे पेटीतून पुढच्या पिढीकडे जाते. मात्र ते विणण्याचा अधिकार पेटीतून जात नाही. तो प्रत्येक पिढीतील स्त्रीला नव्याने मिळवावा लागतो.

आता ‘वाचना’कडे वळू. केंब्रिजच्या संग्रहालयातील इबान वस्त्रांची हॅडन व स्टार्ट यांनी केलेली वर्णनात्मक सूची १९३६ मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हापासून ही आकृती सर्पाची, ती मगरीची, असे वस्त्र उलगडून वाचण्याची ओढ अभ्यासकांना लागली. ट्राउडे गॅव्हिन यांनी २००३ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीवर मूलभूत आक्षेप घेतला. आकृती व तिचे नाव यांत चित्रणाचा संबंध असतोच असे नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हे मत सर्वमान्य नाही. तथापि वस्त्र म्हणजे लिपी हे गृहीतक त्यामुळे डळमळीत झाले, हे मान्य करावेच लागेल.

माझ्या मते साहित्याच्या अभ्यासकाला येथे निराश होण्याचे कारण नाही. उलट त्याचे खरे क्षेत्र येथेच सुरू होते. महत्त्वाच्या पुआला ‘जुलोक’, म्हणजे गौरवनाम असते. ‘लेबोर आपी’ या प्रसिद्ध तांबड्या पुआच्या नावातील ‘आपी’ म्हणजे अग्नी. अशी नावे मौखिक काव्याच्या भाषेत घडतात आणि तोंडोतोंडी पुढे जातात. म्हणजे शब्द वस्त्रात नाहीत. ते वस्त्राबरोबर, वस्त्राबाहेर, विणकरणीच्या व तिच्या लेकीच्या स्मरणात आहेत. वस्त्रालाच संहिता ठरवून आपण मोकळे झालो, तर जे खरोखर वाङ्मय आहे तेच आपल्या दृष्टीआड होते.

हा केवळ संज्ञेचा वाद नाही. संग्राहकाने पुआ विकत घेतला आणि नाव विचारले नाही, तर वस्त्र शतकभर सुरक्षित राहते, पण नाव एका मृत्यूबरोबर संपते. कुचिंगच्या तुन जुगाह फाउंडेशनसारख्या संस्थांनी विणकाम जतन करण्याचे व शिकवण्याचे मोठे कार्य केले आहे. परंतु आज बाजारासाठी विणलेल्या पुआला गौरवनामाची गरज भासेलच असे नाही.

आपल्याकडे गी प्वातवँ व हेमा राइरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचे प्रचंड संकलन करताना ओवीसोबत गाणारीचे नाव व गाव नोंदवले. ही साधी वाटणारी नोंद हीच त्या कार्याची मोठी शक्ती आहे. स्त्रियांच्या हस्तकलेला ‘ग्रंथ’ म्हणून गौरवण्यापूर्वी आपणही तेवढी तसदी घ्यावी. हे कोणी विणले, तिला ते विणण्याचा अधिकार कसा मिळाला आणि तिने त्याला काय नाव दिले, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. अन्वयार्थ त्यानंतर लावता येईल. नाव मात्र त्यानंतर सापडेलच, याची खात्री नाही.