ट्रॅक्टरवरचा जीएसटी आणि ऐकीव हिशोब



हंगाम तोंडावर आला की गट ऑफिसात लागणीपेक्षा ट्रॅक्टरचीच चौकशी जास्त होते. परवा एक वयस्कर सभासद आले. पोरासाठी ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या घेऊन वाहतुकीचा करार करायचा म्हणाले. "साहेब, गाडी धंद्याला घेतली की जीएसटी परत मिळतोय म्हणं. बँकेचा पहिला हप्ता त्यातनंच भागवतो."

तात्या, तो हिशोब धरू नका, असं सांगावं लागलं.

ऐकीव गोष्ट निम्मी खरी आहे. १ जुलै २०१७ पासून व्हॅट जाऊन जीएसटी आला. धंद्याच्या खरेदीवर भरलेला कर गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या करातून वळता करता येतो. पण ऊसतोडणी आणि उसाची वाहतूक यांवर करच माफ आहे. भाड्यावर कर नाही, मग वळता करायचा कशातून? शेतकऱ्याला औजार भाड्याने दिलं तरी तेच. हार्वेस्टरवाल्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

नोंदणी करून प्रवासी जीप चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी. चालक धरून १३ माणसांपर्यंतच्या गाडीवरचा कर कायदा एरवी अडवतो, पण प्रवासी वाहतुकीसाठी घेतलेल्या गाडीला सूट देतो. मात्र भाड्यावर ५ टक्क्यांचा कमी दर निवडला की गाडीवरचा कर गेला. कर धरून पूर्ण किमतीवर घसारा दाखवला तरी गेला. आणि बिल नोंदणीवाल्याच्याच नावाचं पाहिजे. आपल्याकडे बिल वडिलांचं, गाडी पोराची, करार चुलत्याचा!

खरा दिलासा मिळाला तो २२ सप्टेंबर २०२५ पासून. ट्रॅक्टरवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. आठ लाखांच्या मूळ किमतीवर ९६ हजारांचे ४० हजार झाले. माझ्या मते लहान माणसाला हेच बरं, कागद नाचवावे लागत नाहीत. पण परताव्याच्या भरवशावर आधीच जादा कर्ज काढलेल्यांचं काय? त्यांचा हप्ता मग टोळीच्या उचलीतून जातो, मुकादम दुसऱ्या कारखान्याची वाट धरतो आणि ऊस आपल्या सभासदाचा फडात वाळतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा डीलरला रक्कम देण्याआधी कोटेशन घेऊन गट ऑफिसात या. हिशेब खात्याकडून बघून घेऊ, मग करारावर सही करा.