गाळणी हवीच, पण मुकी नको

या सत्रापासून शाळेच्या ईमेलवर अटॅचमेंटची गाळणी बसवली आहे. 'ही शाळा आहे, एवढी कडक तपासणी कशाला?' असे काही पालक विचारतात. उलट काही कॅडेट म्हणतात, 'सर, अटॅचमेंटच बंद करा.' संगणक शिकवणारा म्हणून मला दोन्ही मते पटत नाहीत.

'पाठवणारा ओळखीचा आहे' ही सबब आधी बाजूला ठेवू. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' हा व्हायरस जगभर पसरला, तो ओळखीच्यांच्याच मेलमधून. फाइलच्या नावाशेवटी आधी 'टीएक्सटी' होते आणि त्यानंतर खरा प्रकार, 'व्हीबीएस'. विंडोज हे शेवटचे शेपूट लपवते, म्हणून लोकांना ते साधे पत्र वाटले. उघडताच तेच पत्र अ‍ॅड्रेस बुकमधल्या सर्वांना गेले.

तेव्हा नाव पाहून भागत नाही. गेटवरचा पहारेकरी नुसता गणवेश पाहून कुणाला आत सोडत नाही, ओळखपत्र मागतो. फाइलचे ओळखपत्र तिच्या पहिल्या काही अक्षरांत असते. विंडोजवर चालणारी ईएक्सई फाइल 'एमझेड' या अक्षरांनी सुरू होते आणि झिप 'पीके'ने. (ही मार्क झ्बिकोव्स्की आणि फिल कॅट्झ या प्रोग्रामरांची आद्याक्षरे. फाइलीत सही ठेवून जाण्याची ही हौस मला फार आवडते.) 'फीपावती डॉट पीडीएफ' नावाची फाइल आतून एमझेड निघाली, तर ती अडलीच पाहिजे. पण वर्डची डॉक्स फाइलही आतून झिपच असते. 'झिप दिसली की अडवा' असा ढोबळ नियम केला, तर वर्डमधला प्रत्येक अर्ज गेटवरच राहील.

माझ्या मते निषिद्ध प्रकारांची यादी करत बसू नये. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या ऑफिस फाइलींतले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली, तेव्हा हल्लेखोर आयएसओ फाइलींकडे वळले. अशी यादी नेहमी एक पाऊल मागेच राहते. शाळेला लागते काय? पीडीएफ, फोटो, वर्ड, एक्सेल. एवढे तपासून आत घ्यावे, बाकीचे रोखून ठेवावे. पासवर्ड लावलेली झिपही रोखावी, कारण गाळणीला तिच्या आतले तपासता येत नाही. पालकांनी कागदपत्रे साध्या पीडीएफमध्ये पाठवली तर हा प्रश्नच येत नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. गाळणी बसवणाऱ्या कंपनीने ती मुकी ठेवली आहे. मेल अडते आणि कुणालाच कळत नाही. आसामातल्या वडिलांनी मुलाचे वैद्यकीय प्रमाणपत्र पाठवले, ते अडले, तर ते समजतात पोहोचले; इकडे हाउस मास्तर समजतात पाठवलेच नाही. मधल्या मध्ये मुलगा बिनरजेचा गैरहजर ठरतो. अशी गाळणी शिस्तीच्या नावाखाली अन्याय करते.

म्हणून अडलेली मेल पुसू नये, बाजूला ठेवावी आणि जिच्या नावे आली त्या व्यक्तीला लगेच सूचना जावी. पाठवणाऱ्याला आपोआप उत्तर मात्र नको, कारण तो पत्ता खोटा असू शकतो आणि भलत्याच माणसाला त्रास होतो. त्या बाजूच्या पेटीवर रोज कुणाची तरी ड्यूटी लावावी, सकाळी एकदा आणि संध्याकाळच्या रोल कॉलआधी एकदा. त्यात रविवारही धरावा, कारण पालकांना निवांतपणा मिळतो तो त्याच दिवशी.