वरून पाहणें आणि आंत उतरणें

मालवणच्या किनाऱ्यावर जाणाऱ्या तरुणांच्या हातीं अलीकडे दोन नवीं साधनें आलीं आहेत. एक, आकाशांतून छायाचित्रें टिपणारा ड्रोन. दुसरें, पाठीवर बांधून समुद्रांत बुडी घेण्याचें हवेचें नळकांडें. या दोहोंस केवळ करमणूक मानणें आम्हांस रास्त वाटत नाहीं.

वरून पाहिलें म्हणजे कर्ली नदी व सागर यांमधील वाळूच्या अरुंद पट्टीवर देवबाग कसें वसलें आहे, हें एका दृष्टिक्षेपांत कळतें. इ. स. १६६४ मध्यें कुरटे बेटावर बांधावयास घेतलेल्या सिंधुदुर्गाच्या तटाचीं नागमोडी वळणेंही तेव्हांच उमजतात. परंतु रापणीचा दोर ओढणाऱ्यांच्या हातांवरील घट्टे त्या चित्रांत उमटत नाहींत.

पाण्याखालची गोष्ट याहून नाजूक आहे. प्रवाळ हा दगड नव्हे. ती सूक्ष्म जीवांची वसाहत होय. तिच्या अनेक जातींची वाढ वर्षास बोटाच्या पेऱ्याइतकीही होत नाहीं. हौशी पाहुण्याचा एक पाय पडला, कीं कित्येक वर्षांचें काम मोडतें. १९८७ सालीं येथें सागरी अभयारण्य घोषित झालें खरें. पण पाण्याखालीं प्रत्येक पायावर पहारा कोण ठेवणार? तेथें शिकवणच कामास येते.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें इतकेंच: ड्रोन उडविण्यापूर्वीं रापणकरांपाशीं घटकाभर बसावें, त्यांच्या जाळ्यांची वाट मोकळी ठेवावी, आणि पाण्यांत उतरल्यावर जें घ्यावयाचें तें डोळ्यांनीं घ्यावें, हातांनीं घेऊं नये.