मुरघासाचं विरजण

मुरघासाची पिशवी सोडली की नाकालाच आधी निकाल कळतो. आंबूस-गोड वास आला तर म्हैस दावं ताणते. खवट लोण्यासारखा आला तर गव्हाणीकडे पाठ फिरवते.

हल्ली कुट्टीवर शिंपडायला जिवाणूंची पुडी मिळते. हे थोतांड नाही, दह्याच्या विरजणाचंच भावंड आहे. लॅक्टोबॅसिलस प्लँटारम चाऱ्यातल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल करतो, सामू झपाट्याने ४ च्या आसपास उतरतो आणि कुजवणाऱ्या जिवाणूंची वाट बंद होते. फिनलंडच्या आर्तुरी व्हिर्तानेन यांनी हाच सामू खनिज आम्लं शिंपडून उतरवला होता. १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं, त्यात या पद्धतीचा मोठा वाटा होता. चाऱ्याला नोबेल!

काही पुड्यांतला बुकनेरी जातीचा जिवाणू ॲसिटिक आम्लही तयार करतो. त्यामुळे उघडलेला मुरघास लवकर तापत नाही, बुरशीही उशिरा धरते. आपल्या उन्हाळ्यात हे मोलाचं. मात्र त्याला दीड-दोन महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात पिशवी सोडणाऱ्याने त्यावर पैसे घालू नयेत.

मक्यात मुळातच साखर पुरेशी असते, तिथे पुडीचा फायदा माफकच. आणि कुट्टी नीट तुडवली नसेल, आत हवा कोंडली असेल, तर कुठलीच पुडी कामाला येत नाही.