राज्य बदललं की कर बदलतो, पगार मात्र तोच!

नगरकरांनो, सुपा एमआयडीसीत महिना १२ हजारांवर राबणाऱ्या एखाद्या पोराची पगारपावती बघा. त्यात 'पीटी २००' अशी ओळ दिसेल. हा व्यवसाय कर. आयकर केंद्राचा, हा राज्याचा. फेब्रुवारीत ३०० कापतात, म्हणजे वर्षाला २५०० रुपये.

हाच पोरगा ऑक्टोबरात तेवढ्याच पगारावर हैदराबादला गेला तर? कर शून्य! तेलंगणात १५ हजारांपर्यंत सूट आहे. कर्नाटकात २५ हजारांच्या आत सूट. दिल्ली, राजस्थान, उत्तर प्रदेशात तर हा करच नाही. आपल्याकडे महिलांना २०२३ पासून २५ हजारांपर्यंत सूट मिळाली, चांगलं झालं. पण भावाचा पगार १० हजारांच्या पुढे गेला की पूर्ण कर. एकाच घरात, एकाच पगारावर दोन न्याय!

कुणी म्हणेल, दोनशे रुपयांचं काय घेऊन बसलात? हिशोब करा. १२ हजारवाल्याचा वर्षात सहा दिवसांचा पगार यात जातो. दोन लाखवाल्याचा अर्धा दिवससुद्धा नाही. राज्यघटनेच्या कलम २७६ नं वर्षाला २५०० ची कमाल मर्यादा १९८८ मध्ये घातलीय, त्यामुळे वरच्याकडून जास्त घेता येत नाही. मग खालच्याला तरी सोडा ना!

या कराला माझा सरसकट विरोध नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर १९७५ चा हा कायदा रोजगार हमीला पैसा उभा करायला आला. पारनेर-पाथर्डीच्या माणसाला ते काय होतं हे सांगायला नको. पण गरिबाच्या कामासाठी आलेला कर गरिबाच्याच खिशातून घ्यायचा, हे कुठलं शहाणपण?

वर्षाच्या मध्यात राज्य बदलणाऱ्यांनी एवढं करा. दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६ घ्या आणि जुन्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला द्या. नाहीतर दोघंही प्रमाणित वजावट धरतात आणि रिटर्न भरताना कर अंगावर येतो. दोन्ही राज्यांत कापलेल्या व्यवसाय कराची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत कर म्हणून गेलेल्या पैशावरही कर! इथं स्वतःचा धंदा असेल आणि बंद करून जात असाल तर नावनोंदणी दाखला रद्द करून घ्या, नाहीतर दरवर्षीचे २५०० थकबाकीत चढत राहतील.

मागणी साधी आहे : २५ हजारांपर्यंतची सूट सगळ्यांना द्या. जिल्ह्यात १२ आमदार आहेत. येत्या अधिवेशनात एकानं तरी हा प्रश्न विचारावा. मतं मागायला आलात तेव्हा पोरांना इथंच रोजगार देऊ म्हणाला होता. तो देईपर्यंत, इथं राबण्याचा दंड तरी घेऊ नका.

पटलं तर आपापल्या आमदारांना टॅग करा.